तोट्यातला पुरा वाटा

गेल्या महिन्यात आमच्या बंदरावरच्या मच्छीमार संस्थेने काही वृद्ध नाखवांचा, म्हणजे बोटमालकांचा, सत्कार केला. त्यांत मीही होतो. शाल, श्रीफळ आणि प्रत्येकाविषयी चार गौरवाचे शब्द, असा बेत होता. माझ्याविषयी बोलायला जो तरुण उभा राहिला, त्याने मला समुद्रावर कधी पाहिलेले नाही. त्याने सांगितले की या नाखवांनी एका गरीब नेपाळी खलाशाला पगाराऐवजी वाट्यावर घेतले, आणि हंगाम बुडाला तेव्हा त्या बिचाऱ्याची तूट गुपचूप स्वतःच्या खिशातून भरून दिली. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "खोटं आहे. मी एक पैसा दिला नाही." लोकांना तो माझा विनय वाटला, आणि टाळ्या अधिकच पडल्या. मी पुन्हा बोलू लागलो तेव्हा सूत्रसंचालकाने हसत हसत माझ्या हातातला माइक काढून घेतला.

माइक काढून घेता येतो, लेखणी काढून घेता येत नाही. जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी या बंदरावरचा बहुधा पहिला नाखवा. संस्थेचे सरकारदरबारी गेलेले निम्मे अर्ज माझ्या हातचे आहेत. तेव्हा हे प्रकरणही मीच लिहितो. माझी निंदा मी पुष्कळ ऐकली आहे आणि ती पचवली आहे. पण जी गोष्ट मी आयुष्यात सर्वांत सरळपणे केली, तिला कोणी दानधर्म म्हणावे, हे मला मान्य नाही.

प्रथम रीत सांगतो. आमच्याकडे बोटीवरच्या माणसाला पगार नसतो, वाटा असतो. मासळीचा लिलाव झाला की त्यातून डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, बोटीचा आणि जाळ्यांचा हिस्सा बाजूला निघतो, आणि उरेल ते माणसांत वाटले जाते. बोट चालवणाऱ्या तांडेलाला दीड वाटा, खलाशाला एक. ही रीत शिडाच्या गलबतांपासूनची आहे. माझ्या आजोबांनी ती घातली नाही. त्यांनाही ती चालत आलेलीच मिळाली. तिच्यामागचा विचार साधा आहे. जाळे वर येईपर्यंत त्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून जो जो ते खेचतो तो तो त्याच्या नशिबाचा भागीदार.

पुढे आमच्या मोहल्ल्यातले तरुण आखातात गेले, खारवीवाड्यातले मुंबईला गेले, आणि बोटींना माणसे मिळेनाशी झाली. तेव्हा नेपाळहून माणसे येऊ लागली. त्यांना आम्ही नाखवांनी वाट्यावर घेतले नाही. महिन्याच्या पगारावर घेतले. परका माणूस, दर पावसाळ्यात गावी जाणारा, त्याला कसला आला वाटा, असे आम्ही एकमेकांना सांगितले. हंगाम बरा असला तर वाटेकऱ्याच्या हातात जे पडे, त्याच्या निम्मेही त्या पगारात पडत नसे. काम मात्र तेच, ओले होणेही तेच. ही आमची सोय होती, आणि काही वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली की लोक तिलाच बंदराची रीत म्हणू लागले. नेपाळ्यांना नावही आम्ही एकच ठेवले होते, बहादूर. जेटीवर एक हाक मारली की तीन बोटींवरून तिघे वळून पाहत.

त्या सुमारास माझ्या बोटीवर असा एकच होता. माझ्या बोटीवर मी त्याला त्याच्या नावानेच हाक मारी. इथे कोणाचेच नाव लिहिलेले नाही म्हणून त्याचेही लिहीत नाही. ज्या मुलखात समुद्रच नाही तिथला माणूस समुद्रावर काय करणार, असे पहिल्या वर्षी सारे म्हणाले होते. पुढे किल्ल्याच्या टोकाला वळसा घालताना मी त्याच्या हाती सुकाणू देऊन नमाज पढत असे, यावरून काय ते समजावे. तो कमी बोले. पण जे बोले ते आमच्या बंदराच्या मराठीत, आणि शिवी द्यायची झाली तर तीही आमचीच.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्याने बायकोला आणि मुलीला रत्नागिरीत आणले होते. टेकडीवरच्या चिरेबंदी चाळीत एक खोली भाड्याने घेतली, आणि मुलीचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले. त्याला इथे राहायचे होते. पगारावर एकटा माणूस बोटीवरच जेवून, बोटीवरच झोपून दिवस काढतो. त्या पगारात घर उभे राहत नाही. घर उभे राहायचे तर वाटा हवा. एवढे एकच त्याला हवे होते, आणि माझ्या बोटीवरच्या प्रत्येकाला ते कळत होते. बोलत मात्र कोणी नव्हते.

आता ती दुपार. बोट परतीला लागली की लिलावाची मासळी बर्फात गेलेली असते, आणि घरी न्यायच्या मासळीचे वाटे पुढच्या फळ्यांवर मांडले जातात. वाटे लावणे हे तांडेलाचे काम, माझ्या बोटीचा तांडेलही मीच, आणि मी लावलेल्या वाट्यांना आजवर कोणी बोट दाखवलेले नाही. एकात सुरमईचा तुकडा गेला तर दुसऱ्यात बांगडे वाढतात, तिसऱ्यात म्हाकूल आणि मूठभर कोळंबी. तरीही माणसाचा डोळा हा डोळाच असतो. म्हणून एक जण वाट्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसतो, दुसरा कोणत्याही एका वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कोणाला?" पाठमोरा बसलेला नाव घेईल त्याचा तो वाटा. पाठमोरा कोणी बसावे यावर पूर्वी फार भांडणे होत. अमका खोकला तेव्हाच तू माझे नाव घेतलेस, तमक्याने पाय घासून खूण केली, असे आरोप चालत. शेवटी ते काम नेपाळ्याकडे आले. त्याला वाटाच नव्हता, त्यामुळे तो लबाडी कशासाठी करील? ज्याचा वाटा नाही त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

त्या दुपारी तो नेहमीसारखा पाठमोरा बसला. आमच्या बोटीवरचा वयाने सर्वांत मोठा खलाशी, खारवीवाड्यातला, ज्याला सारे थोरला म्हणत, त्याने पहिल्याच वाट्यावर हात ठेवला.

"हा कोणाला?"

"मला," नेपाळी म्हणाला.

थोरला हसला. "काय रे बहादूर, मस्करी करतोस?"

"नाय. तुमी विचारलं कोणाला. मी सांगितलं."

"तुझा वाटा हाय कुठे मेल्या? तू पगारी."

"जाळं खेचताना नाय विचारलं, पगारी की वाटेकरी."

"नाखवा, ऐकताव ना?" थोरला माझ्याकडे वळला. "माणूस खुळावला."

नेपाळी अजून पाठमोराच होता. समुद्राकडे पाहतच तो म्हणाला, "इतके दिस मी सांगितलेलं सगळ्यांना बरोबर वाटलं. आज पण बरोबरच सांगितलं."

यावर मी काय केले, याच्या बंदरावर तऱ्हेतऱ्हेच्या हकिगती आहेत. मी माझा स्वतःचा वाटा उचलून त्याच्यापुढे ठेवला, ही सर्वांत लोकप्रिय. माझ्या मुलाने ती आपल्या मुलांनाही सांगितलेली आहे. मुलगा त्या दिवशी बोटीवर नव्हता. मी माझा वाटा दिला नाही. मी सगळे वाटे हाताने मोडले, मासळी एकत्र केली, आणि एक वाटा वाढवून पुन्हा नव्याने मांडली. माझ्यासकट प्रत्येकाचे थोडे थोडे कमी झाले. फरक लहान दिसतो, पण माझे सारे म्हणणे त्या फरकात आहे. माझा वाटा दिला असता तर मी दाता झालो असतो, तो याचक झाला असता, आणि बाकीच्यांचे काहीच बिघडले नसते. वाटे पुन्हा लावले तेव्हा बोटीवर एक माणूस वाढला.

थोरल्याने ते ताबडतोब ओळखले. तो मूर्ख नव्हता. जेटीला दोर लागल्याबरोबर तो म्हणाला, "आज मासळी. उद्या पैसापण का?"

"उद्या पैसापण," मी म्हणालो.

"मग आमचा कमी होणार."

"थोडा होईल."

"का म्हणून? बोट रिकामी आली की आमच्या हातात काय? शेंगा! आणि हा पगार मोजून घेतो. तोटा आमचा आणि नफ्यात हा वाटेकरी?"

हे त्याचे म्हणणे खरे होते, आणि खरे म्हणणे कोणाच्याही तोंडून आले तरी मी ते खोडत नाही. मी नेपाळ्याला सर्वांदेखत विचारले, "वाटा हवा असेल तर पगार बंद. बोट भरून आली तर सगळ्यांबरोबर घेशील, रिकामी आली तर सगळ्यांबरोबर रिकामा जाशील. चालेल?"

तो लगेच हो म्हणाला नाही, आणि मला त्याचे ते आवडले. म्हणाला, घरी विचारून सांगतो. तेवढ्यात थोरल्याला तडजोड सुचली. "अर्धा वाटा द्या त्याला, नाखवा. पगारापेक्षा बराच पडंल. सगळी खूश."

नेपाळी फळीवर पाय ठेवून जेटीवर उतरत होता. तिथूनच तो म्हणाला, "खेचतो अख्खं नि घेऊ अर्धं? मग अर्धं जाळं पाण्यात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला आणि म्हणाला, "बायको म्हणते, वाटा. तोट्यासकट."

तो वाट्यावर आला. माझ्या मोहल्ल्यातले दोघे त्याच आठवड्यात दुसऱ्या बोटीवर गेले. त्यांच्या जागी मला देवरुखकडचे, डोंगराखालचे दोघे मिळाले, ज्यांना पहिल्या आठवड्यात समुद्र लागला आणि नंतर कधी लागला नाही. थोरला मात्र राहिला. मी त्याला विचारले, तू का नाही गेलास? म्हणाला, "जाऊ कशाला? हा बुडतो कसा ते बघायचाय मला."

आमच्या शेजारी ज्याच्या तीन बोटी लागत, त्या नाखवाने मला चहाच्या टपरीवर गाठले. आम्ही एकाच शाळेत होतो, त्यामुळे आमच्यात आदबीचा प्रश्न नव्हता.

"भाव बिघडवलास तू बंदराचा."

"मासळीचा की माणसांचा?"

"माझ्या तिन्ही बोटींवरचे बहादूर सकाळपासून जेटीवर टोळकं करून उभे आहेत. त्यांना वाटा हवाय."

"मग दे."

"तुझी एक बोट. तुला परवडतात असली थेरं."

"एक बोट असणाऱ्याला थेरं परवडत नाहीत. तीन असणाऱ्याला परवडतात. आधी विचार कर, मग बोल."

त्याने चहाचे पैसे न देताच टपरी सोडली, आणि ते मला द्यावे लागले. पुढे त्याने बंदरभर सांगितले की नेपाळ्याने मला पेचात पकडले होते, ऐन हंगामात बोट सोडून जाण्याची धमकी दिली होती, आणि म्हणून मी नमलो. धमकी कोणी दिलीच असेल तर आमच्याच माणसांनी दिली, आणि त्यांना मी जाऊ दिले. जो नमतो तो बाहेरच्या एकाला ठेवण्यासाठी घरच्या दोघांना घालवील काय?

माझ्या मुलाची हकिगत त्याहून सुधारलेली आहे. तो कंपनीत आहे. त्याच्या कंपनीत वेगवेगळ्या प्रांतांच्या माणसांना समान कामाला समान पगार मिळतो की नाही हे पाहायला एक स्वतंत्र विभाग आहे, असे तो सांगतो. त्याच्या मते मी दूरदृष्टीने चाललो. पगारी माणसे हंगामाच्या मध्यावर पळून जातात, वाटेकरी टिकतात, हे मी ओळखले होते. मुलाला बापाची हुशारी सांगण्यात आनंद वाटतो, म्हणून मी त्याला फारसा टोकत नाही. पण मी दूरवर पाहिले नव्हते. मी फक्त पुढच्या फळ्यांवर पाहिले होते. तिथे एका माणसाचा वाटा कमी लावला जात होता, आणि वाटे लावणारा मी होतो.

राहिली माझी बायको. तिचे म्हणणे असे की मला आखात आठवले. तरुणपणी मी तिकडच्या एका बंदरात टगबोटीवर कामाला होतो. तिथे पगार पासपोर्टाच्या रंगावर ठरे. एकाच दोराचे एक टोक माझ्या हातात आणि दुसरे ज्याच्या हातात, त्याचा देश निराळा म्हणून त्याचा पगार माझ्याहून कितीतरी मोठा. मी तिथल्या साहेबाला याचे कारण विचारले होते. त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिले, आणि हसून घालवले. हे सारे खरे आहे. पण त्याच्या आठवणीने मी पाझरलो, हे खरे नाही. आखातातून परतल्यावर मीही अनेक वर्षे नेपाळ्यांना पगारावरच ठेवले होते; पाझरायचे असते तर तेव्हाच पाझरलो असतो. माणूस दुःखाने शहाणा होतो असे मी पाहिलेले नाही. मला माझ्याच बोटीची जुनी रीत कोणीतरी मोठ्याने सांगितली, आणि ती मला पटली.

बायकोविषयी लिहिलेच आहे, तर तिचे एक खरे श्रेय लपवत नाही. त्याच दिवसांत तिने मला विचारले होते, "बोटीवर न्याय केलाव. जेटीवर काय? उन्हात बसून मासळी निवडणारी बाई आणि टोपली उचलणारा हमाल, दोघांची कंबर मोडते. मग तिला कमी का?" मी म्हणालो, टोपली जड असते. ती म्हणाली, "एक दिवस निवडायला बसा." मी बसलो नाही, पण तेव्हापासून माझ्या बोटीची मासळी निवडणाऱ्या बायकांना हमालाएवढीच मजुरी मिळू लागली. हे तिच्या सांगण्यावरून झाले, असे ती चारचौघांत सांगते, आणि ते बरोबर सांगते.

हंगामाची सुरुवात चांगली झाली होती. दिवाळीपर्यंत प्रत्येक फेरीला कोळंबी लागली, आणि नेपाळ्याच्या हातात जे पडले ते पाहून शेजारच्या बोटींवरचे त्याचे भाईबंद त्याच्याभोवती बसू लागले. मग समुद्र फिरला. जाळ्यात मासळीऐवजी जेलीफिशचा लगदा येऊ लागला. तो धुऊन काढताना सगळ्यांचे हात खाजून सुजले. त्यानंतर वारे. वारे पडले तर आमचे इंजिन बसले, आणि बोट फार दिवस जेटीला बांधून पडली. दुरुस्तीचा खर्च बोटीच्या हिश्श्यातून गेला, पण बांधलेल्या बोटीला मासळी लागत नाही. शेजाऱ्याच्या बोटींवरचे पगारी खलाशी दर महिन्याला पगार घेत होते. आमचे वाटेकरी जेटीवर बसून फाटलेली जाळी शिवत होते, आणि त्यांत नेपाळीही होता.

शेजारी नाखवा येता-जाता त्याला विचारी, "काय वाटेकरी, आज वाट्याला काय?"

नेपाळी मान वर न करता म्हणे, "ऊन."

पावसाळी बंदी लागली आणि शेवटचा हिशेब माझ्या पडवीत बसून झाला. ज्यावर भाषणे झाली तो दिवस हाच. प्रत्येक वाटा इतका लहान निघाला की सबंध हंगामाचा मिळून तो पगारी माणसाच्या पगाराहून कमी भरला. सगळ्यांनाच हे ठाऊक होते. तरीही सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. नाखवा याला वेगळे काही देतो का, हे त्यांना पाहायचे होते. थोरला तर पुढे सरकून बसला होता.

बायकोने मला आत बोलावले. "त्याच्या पोरीच्या हातावर काहीतरी ठेवा. खाऊ म्हणून."

"खाऊ म्हणून दिलेला पगार तो पगारच."

"काळीज दगडाचं हाय तुमचं."

"असेल. वाटा द्यायला काळीज लागत नाही."

मी बाहेर आलो. माझ्या मनात काय होते ते स्पष्ट सांगतो, कारण याच जागी लोक मला संत करतात. मी त्याची तूट भरली असती, तर थोरल्याची का भरली नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोरल्याच्या घरीही त्या वर्षी लेकीचे बाळंतपण होते. एकट्या नेपाळ्याची भरली असती तर तो पुन्हा पगारी ठरला असता, ज्याचा तोटा मालक सोसतो आणि म्हणून नफ्यावरही मालकच हक्क सांगतो. चांगल्या दिवसांत सगळ्यांच्या बरोबरीचा आणि वाईट दिवसांत सगळ्यांहून दुबळा, असा माणूस बरोबरीचा नसतो. हे त्याला कळत होते. म्हणून तर त्याची बायको म्हणाली होती, तोट्यासकट.

मी वाटे दिले. त्याने हातात घेऊन विचारले, "सगळ्यांना एवढंच?"

"सगळ्यांना एवढंच. तांडेलाला दीड."

त्याने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने आपली मूठ उघडून दाखवली. नेपाळ्याने मान हलवली, सर्वांना सलाम केला आणि तो पायऱ्या उतरून गेला. कोणी रडले नाही, कोणी कोणाला मिठी मारली नाही, आणि कोणत्याही पाकिटाची देवाणघेवाण झाली नाही. पडवीत जे होते त्यांपैकी थोरला अजून खारवीवाड्यात आहे. ज्याला खात्री करायची असेल त्याने जाऊन विचारावे.

चार दिवसांनी कळले की टेकडीवरची खोली रिकामी झाली. बायको-मुलीला घेऊन तो गावी गेला होता. बंदराने निकाल देऊन टाकला. गेला तो गेला. वाट्याची हौस फिटली. आता कुठल्यातरी शहरात रखवालदार होईल, डोक्याला ताप नाही. शेजारी नाखवाने मला टपरीवर बोलावून स्वतःच्या पैशाने चहा पाजला. इतका कडू चहा मी कधी प्यालो नाही. सबंध पावसाळा माझा जीव त्याच्या परतण्याकडे लागला होता असे बायको सांगते. मी सकाळी सकाळी कारण नसताना एस.टी. स्टँडकडे फिरायला जात असे, असाही तिचा दावा आहे. स्टँडवर वर्तमानपत्र लवकर मिळते.

बंदी उठायला थोडे दिवस असताना आम्ही बोटीवर सामान चढवत होतो. रंग झाला होता, नवे जाळे आले होते, थोरला दोर गुंडाळत होता. जेटीच्या टोकाकडून नेपाळी येताना दिसला. मागून त्याची बायको, हातात मुलीचे दप्तर, आणि तिच्या मागे एक अनोळखी, उंच, पंचविशीचा माणूस, जो समुद्राकडे असा पाहत होता की जणू तो कोणीतरी सांडून ठेवला आहे.

"मेहुणा," नेपाळी म्हणाला. "कामाला आणलाय."

मी काही बोलण्याच्या आत थोरला उठला. "नाखवा, आधीच सांगतो. हा पगारावर येणार असंल तर माझ्या बाजूला नको. पगारी माणूस जाळं फाटलं तरी झोपतो. गेल्या साली यानं," त्याने नेपाळ्याकडे अंगठा केला, "हात सुजले तरी जाळं सोडलं नाय. का? त्याचा पैसा होता त्यात. मेहुण्याला वाट्यावर घ्या, नायतर घेऊच नका."

हा थोरला, जो वर्षापूर्वी नेपाळ्याला बुडताना पाहण्यासाठी थांबला होता. माझा ऊर भरून आला, हे मी नाकारत नाही. मी म्हणालो, "वाट्यावरच घेणार. पुरा वाटा."

"पुरा?" हा आवाज नेपाळ्याचा होता. "पुरा कशाला?"

"तुला पुरा, तसा त्यालाही पुरा."

"मला काम येतं. याला दोर बांधता येत नाय. मोहल्ल्यातला नवा माणूस आला तर पहिल्या हंगामाला त्याला काय देताव?"

नवशिक्याला पहिल्या हंगामात अर्धा वाटा, मग तो नाखवाचा पुतण्या का असेना. ही रीतही जुनीच आहे. मी म्हणालो, "अर्धा. पण हा परमुलखातून आलाय, पहिल्यांदाच आलाय, त्याचं..."

"परमुलखातून आला म्हणून पुरा? मग माझा वाटा कमी होतो, नाखवा. याचा कमी, त्याचा कमी." त्याने थोरल्याच्या आणि देवरुखच्या दोघांच्या छातीकडे बोट फिरवले. "तुमची मेहरबानी, आणि भरायची आमी?"

मेहुणा घाबरून मागे सरकला. भांडण कशावरून चालले आहे हे त्याला कळत नव्हते, पण ते त्याच्यावरून चालले आहे एवढे कळत होते. नेपाळ्याची बायको मात्र मुलीचे दप्तर दोन्ही हातांनी धरून प्रत्येक शब्द ऐकत होती, आणि तिने भावाची बाजू घेतली नाही. थोरला माझ्या बाजूने बोलू लागला, देवरुखचे दोघे नेपाळ्याच्या. आवाज इतके चढले की शेजारच्या तिन्ही बोटींवरची माणसे कठड्याशी येऊन उभी राहिली. माझ्या बोटीवर, माझ्या तोंडावर, नेपाळी मला सांगत होता की मी वाटे चुकीचे लावतो आहे. आजवर हे मला कोणी म्हटले नव्हते. मी माझ्या परीने पुष्कळ भांडलो, कारण भांडल्याशिवाय काही सोडणे माझ्या स्वभावात नाही. त्यानेही एक इंच सोडला नाही.

अखेर अर्धा वाटा ठरला. नेपाळ्याने मेहुण्याच्या हातात बर्फाचे फावडे दिले आणि त्याला खाली, बोटीच्या पोटात पाठवले.